पहिली गिऱ्हाइकं जोडताना

म्हापशात संगणक दुरुस्ती-देखभालीचं काम सुरू करतोयस, तर आधी हे ऐक: सुट्ट्या दुरुस्तीवर कंपनी चालत नाही. फोन आला की धावायचं, यातच दिवस जातो आणि महिनाअखेर हाती काही उरत नाही. वार्षिक देखभालीचे करार कर. त्यात काय येत नाही, तेही लिही. प्रिंटरच्या शाईसकट. भांडणं तिथूनच सुरू होतात.

बॅकअपवर मात्र जीव लाव. फोंड्यातल्या माझ्या एका घाऊक व्यापाऱ्याचा टॅलीतला सगळा हिशेब जूनमधल्या विजांच्या पावसात गेला. बॅकअप होता, पण त्याच संगणकाला जोडलेल्या डिस्कवर. दोन्ही एकदमच जळाले. त्या माणसाचा चेहरा मी अजून विसरलो नाही. तेव्हापासून तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक दुकानाबाहेर, हा नियम मी कुणासाठीही मोडत नाही. दर तीन महिन्यांनी एखादी फाइल परत मिळवूनही बघतो. मे संपण्याआधी प्रत्येकाचं अर्थिंग आणि यूपीएसची बॅटरी तपास.

हॉटेलवाल्यांची मोठी कामं पावसाळ्यात उरक. डिसेंबरात त्यांच्या सर्व्हरला हात लावू नकोस.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, लगेच कर, बिलावर तो क्रमांक छाप. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणे आपल्यासारख्या सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे गिऱ्हाइकाला जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट व्याज. मला हे फार उशिरा कळलं.

आणि डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, नेहमी गिऱ्हाइकाच्याच नावावर घे.