आई 52 वर्षांची, भाऊ 19 चा. दोघांनाही धड वाचता येत नाही. आता शिकवून काही उपयोग आहे का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही नालासोपाऱ्याला नोकरीत आहात आणि घर दापोली तालुक्यात आहे. आई हर्णैच्या लिलावात मासळी घेऊन वाड्यांवर विकतात, शाळेत कधी गेल्या नाहीत. लॉकडाऊन लागला तेव्हा भाऊ आठवीत होता. तो परत शाळेत गेलाच नाही. आता बोटीवर खलाशी आहे आणि मराठी पाटीही अडखळत वाचतो. मामा म्हणतात, हल्ली मोबाइलशी बोललं की सगळं होतं, कशाला त्यांच्या डोक्याला ताप?

मी याच पट्ट्यात बँकेचं ग्राहक सेवा केंद्र चालवते आणि जमेल तशी संध्याकाळी काही बायकांना वाचायला शिकवते. त्यामुळे उत्तर पुस्तकी नाही.

मामांचं अर्धं खरं आहे. माझ्याकडे येणाऱ्या आज्या फोनला बोलून कीर्तन लावतात. मुंबईच्या लेकाला चार ओळींचं पत्र लिहून घ्यायला पूर्वी पोस्टमनच्या पाया पडावं लागे, आता आवाजाचा मेसेज जातो. बोलण्यापुरती निरक्षरतेची अडचण खरंच कमी झाली. पण पैसा आणि संमती या दोन गोष्टी अजून लेखीच येतात, आणि तिथे नेमकं उलटं झालंय. पूर्वी शाईचा अंगठा वर्षातून एखाद्या वेळी कागदावर उठायचा. आता आधार क्रमांक आणि मशीनवर ठेवलेलं बोट एवढ्यावर खात्यातून पैसे निघतात. समोरच्याने दोन हजार टाकले की तीन, ते स्क्रीनवर दिसतं, पावतीवर छापून येतं, मोबाइलवर मेसेज पडतो. यातलं काहीच वाचता न येणाऱ्या बाईला समोरच्याच्या तोंडाकडे बघण्यापलीकडे काय उरतं? आमच्याच भागात एका केंद्रावर ‘सर्व्हर डाऊन आहे, अंगठा परत ठेवा’ म्हणत दोनदा पैसे काढल्याचं प्रकरण झालं. नातू सुट्टीला आला, त्याने पासबुक भरून आणलं, तेव्हा कुठे ते उघड झालं.

दुसरी गोष्ट कुणी फारशी बोलत नाही. वाचता न येणाऱ्या माणसाला स्वतःचं खासगी असं काही ठेवताच येत नाही. शेजारच्या पोराला पासबुक दाखवलं की संध्याकाळपर्यंत वाडीला शिल्लक माहीत होते. बायांच्या तपासणीचा रिपोर्ट पुतण्याकडून वाचून घ्यावा लागतो. नवऱ्याच्या दारूपासून चार पैसे लपवून ठेवलेली बाई तर माझ्याकडे सुद्धा मोठ्याने आकडा सांगू नका म्हणते. माझ्या वर्गात येणाऱ्या बहुतेक जणी याच कारणासाठी येतात. ‘ज्ञान मिळवायचंय’ असं अजून एकीनेही सांगितलेलं नाही.

मात्र आईंना फक्त सही शिकवून थांबणार असाल तर अजिबात शिकवू नका. हे मी गमतीने म्हणत नाही. कागदावर अंगठा असला की साक्षीदार लागतो, आणि वाद झाला तर मजकूर वाचून समजावून सांगितला होता का, हे सहसा अंगठा घेणाऱ्याला दाखवावं लागतं. सही असली की वाचून केली असंच धरून चालतात. आपल्याकडे एकेका सातबाऱ्यावर वीस-वीस नावं, निम्मे हिस्सेदार मुंबईला, समुद्राकाठच्या जमिनीला गिऱ्हाईक दारात उभं. अशा ठिकाणी सही येते पण वाचता येत नाही, ही स्थिती अंगठ्यापेक्षा वाईट. राष्ट्रीय साक्षरता मिशन 1988 साली सुरू झालं, भर 15 ते 35 वयावर होता. तुमच्या आई तेव्हा ऐन त्या वयात आल्या असतील. गावोगाव कंदिलाखाली वर्ग भरले, पण माझ्या पाहण्यातल्या कितीतरी बायकांच्या हाती त्यातून सहीच तेवढी उरली. पुढे वाचायला काही मिळालं नाही आणि अक्षरं विसरली.

आकडे बघितले तर कोकण बरंच पुढे दिसतं. 2011 च्या जनगणनेत साक्षरता सिंधुदुर्गात 85 टक्क्यांच्या वर, रत्नागिरीत सुमारे 82, म्हणजे जवळपास राज्याइतकीच. पण जनगणनेत कुणी पुस्तक समोर धरून वाचायला लावत नाही. दारात आलेल्या माणसाला घरातलं कुणीतरी सांगतं आणि त्याची नोंद होते. तुमच्या भावाचं नाव त्या हिशेबाने साक्षरांतच जाईल. खरे राहिलेले लोक कोण, ते इथे राहून कळतं. पन्नाशीच्या पुढच्या बायका, दिवाळीनंतर कोळशाच्या नाहीतर वीटभट्टीच्या कामावर कुटुंबासकट जाणारे कातकरी, आंब्याच्या बागा राखणारे नेपाळी, आणि बोटींवरची पोरं.

आईंच्या पिढीच्या मुली का राहिल्या, हे तुम्हाला मी सांगायला नको. वाडीत शाळा चौथीपर्यंत, पुढची डोंगरापलीकडे, पावसाळ्यात मधला पऱ्या भरला की वाट बंद. धाकटी भावंडं सांभाळायला थोरली मुलगीच. पुरुष मुंबईला, म्हणून शेत बाईवर. आणि याच मातीतली माणसं शिक्षणासाठी काय काय करून गेली! महर्षी कर्वे दापोलीजवळच्या मुरूडचे. सहावीच्या परीक्षेला ते सह्याद्री ओलांडून साताऱ्यापर्यंत पायी गेले, आणि वयाने लहान दिसतोस म्हणून त्यांना बसू दिलं नाही. गोपाळ कृष्ण गोखल्यांचा जन्म गुहागर तालुक्यातल्या कोतळूकचा. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक त्यांनी 1911 साली मांडलं, ते फेटाळलं गेलं. शिक्षणहक्क कायदा लागू व्हायला 1 एप्रिल 2010 उजाडला. मधल्या काळात किती बायका निघून गेल्या, याचा हिशेब कोण ठेवणार.

आता शिकवायचं कसं.

आईंच्या बाबतीत सगळ्यात आधी चष्मा. हसू नका. पन्नाशीतल्या बाईसमोर पाटी धरली की ती म्हणते, ‘माझ्या डोक्यात शिरत नाही’, आणि खरं तर तिला जवळचं दिसतच नसतं. आयुष्यात कधी वाचलंच नाही, त्यामुळे चाळिशी लागलेली तिला कळलेलीच नसते. तपासणी करून साधा जवळचा चष्मा घ्या, मगच वही.

दुसरं, अक्षरांच्या आधी आकडे. लिलावात उभ्या राहणाऱ्या बाईला हिशेब शिकवायला जाऊ नका, ती तुम्हाला शिकवील. टोपली किती, बर्फ किती, रिक्षावाला किती, वाडीवर काय भावाने जाईल, हे तिच्या डोक्यात बोली संपायच्या आत तयार असतं. तिला हवा तो फक्त कागदावरचा आकडा. तोही अर्धा येतोच, कारण फोन लावताना आणि नोटा मोजताना आकडे रोज डोळ्यांखालून जातात. इथे एक अडचण मला वर्ग घेताना कळली. शाळेतल्या पुस्तकात देवनागरी अंक आणि पासबुकात, मेसेजमध्ये, एसटीच्या तिकिटावर इंग्रजी. म्हणून दोन्ही शेजारी शेजारी लिहून दाखवा. पासबुकात पैसे आले कुठल्या रकान्यात आणि गेले कुठल्या रकान्यात, एवढं कळलं की तिथलं इंग्रजी आलं नाही तरी चालतं.

मग अक्षरं. ‘क का कि की’ची बाराखडी घोकायला लावलीत तर त्या चौथ्या दिवशी भांडी घासायचं निमित्त काढून उठतील. मी स्वतःच्या नावापासून सुरू करते, मग मुलांची नावं, गावाचं नाव, मग मासळी. तारली, बांगडा, सुरमय, कोळंबी. वस्तू ओळखीची असली की अक्षर शोधायला मजा येते, आणि पाच-सात मासळ्यांत निम्मी मुळाक्षरं येऊन जातात. जोडाक्षरं शेवटी, रफार तर त्याहून शेवटी. घरात आपण बोलतो ते पुस्तकात नसतं, त्यामुळे त्या बोलतात तसंच लिहून द्या, शुद्ध करायला जाऊ नका. सुधारायला नंतर आयुष्य पडलंय.

वेळेचं गणितही आपल्याकडचंच. जूनमध्ये वर्ग काढून उपयोग नाही, लावणीला बाई दमून पडते. गणपतीत कुणी येत नाही, शिमग्यात तर नाहीच. लावणी संपल्यापासून गणपतीपर्यंतचे आठवडे आणि पुढे कापणी आटोपल्यावरची थंडी, हे खरे शिकण्याचे दिवस. रोज तासभर जमलं तर एका हंगामात पाटी वाचता येते.

भावाचं काम मला जास्त अवघड वाटतं. आईंना वाचता न येण्याची लाज नाही, कारण त्यांना कुणी शाळेत घातलंच नव्हतं. तो आठ वर्षं वर्गात बसलाय, त्यामुळे आपल्यातच काही खोट आहे असं त्याच्या मनात पक्कं असणार. त्याला सांगा की तो एकटा नाही. ‘असर’ या शिक्षणाच्या पाहणीने 2023 साली 14 ते 18 वयाची मुलं देशातल्या 28 जिल्ह्यांत तपासली, त्यात चौघांतल्या एकाला दुसरीच्या पातळीचा मजकूर आपल्या भाषेत सलग वाचता येत नव्हता. त्यातली बरीचशी शाळेत नाव असलेली. तुमच्या भावाच्या वाट्याला तर सगळंच एकदम आलं. शाळा बंद, परीक्षा न घेता वरच्या वर्गात, आणि 3 जून 2020 ला निसर्ग वादळ. दापोली-मंडणगडात शाळांची छपरं उडाली, कित्येक वाड्यांत आठवडे-आठवडे वीज नव्हती. ऑनलाइन अभ्यास कशावर करणार होता तो?

त्याच्यासाठी वेळ मात्र ठरलेला आहे. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, बोट किनाऱ्याला, जाळी विणण्यापलीकडे काम कमी. ते दोन महिने त्याचे. शिकवायला नात्यातला माणूस नको, तुम्ही तर मुळीच नको. त्याच्याहून थोडा मोठा, त्याची टर न उडवणारा मित्र बघा. बाराखडीवर परत नेऊ नका. शिकाऊ लायसन्सच्या परीक्षेचे मराठीतले प्रश्न, क्रिकेटच्या बातम्या, बोटीच्या इंजिनावरचं माहितीपत्रक, जे त्याला हवं ते वाचू दे. व्यावसायिक वाहन चालवायला आठवी पासची अट होती, ती 2019 साली गेली, पण स्क्रीनवरचा प्रश्न वाचावाच लागतो. जहाजावर खलाशी म्हणून जायचं डोक्यात असेल तर दहावी हवी, इंग्रजीसकट. सरपंच व्हायचं म्हटलं तरी 1995 नंतर जन्मलेल्यांना सातवी पास लागते. ही शेवटची अट मला पटत नाही, शाळा न मिळाल्याची शिक्षा त्याच माणसाला पुन्हा कशाला? पण नियम आहे तो आहे.

सरकारी वाट दोघांनाही खुली आहे. 2022 पासून नवभारत साक्षरता कार्यक्रम चालू आहे, उल्लास नावाने. 15 वर्षांच्या पुढच्या कुणाचीही नोंद गावच्या जिल्हा परिषद शाळेत होते. शिकवणारे स्वयंसेवक असतात, त्यांना मानधन नाही, आणि याच कारणाने काही गावांत वर्ग कागदावरच राहतो हे मी लपवणार नाही. शेवटी 150 गुणांची चाचणी होते, वाचन, लेखन आणि संख्याज्ञान प्रत्येकी 50, पास व्हायला 33 टक्के. ती फार सोपी आहे. प्रमाणपत्र मिळालं म्हणजे वाचता आलं असं समजू नका, पण नाव जरूर घाला. परीक्षा आहे म्हटल्यावर बायका नटून-थटून शाळेत जातात आणि त्या दिवसाची आठवण पुढे महिनोन्महिने पुरते. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात 2016 साली आजीबाईंची शाळा निघाली, तिथे तर सगळ्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून बसत. हौस हा भाग आपण उगाच हलका समजतो.

भावाचं वाचन रुळलं की सतरा नंबरच्या फॉर्मने बाहेरून दहावी देता येईल. एकदम दहावी झेपणार नसेल तर राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाची आठवीची परीक्षा आधी देऊ दे. कुठल्याही वाटेने गेला तरी शाळा सोडल्याचा दाखला लागतो. वादळात जुन्या शाळेच्या नोंदवह्या भिजल्या असतील तर तो मिळवण्यातच वेळ जाईल, म्हणून ते काम आधी हातात घ्या. तुम्ही गणपतीला येणार असालच, पण तेव्हा शाळेला सुट्टी असते आणि ऑफिस बंद. मुख्याध्यापकांना आठ दिवस आधी फोन करा आणि शाळा उघडी असतानाचा एक दिवस रजेला जोडून या.