पदवीच्या पहिल्या वर्षाच्या जीवशास्त्रासाठी पाठांतर कसे वाढवावे?

गणित आणि रसायनशास्त्र यांच्यापासून सुटका व्हावी म्हणून पदवीला जीवशास्त्र घेतले, पण पहिल्याच वर्षी संज्ञांचा डोंगर समोर उभा राहिला, तेव्हा पाठांतर कसे वाढवावे आणि कोणत्या प्रकरणांवर भर द्यावा, असे तुम्ही विचारले आहे. पाठांतर वाढवण्याची मुळीच गरज नाही. तुमचा प्रश्न ज्या समजुतीवर उभा आहे ती समजूत पहिल्या वर्षाच्या वर्गांतून आम्हा शिक्षकांनीच पसरवली आहे आणि तिच्याविरुद्ध मी बराच काळ भांडलो आहे, म्हणून हे उत्तर लिहीत आहे.

मी पहिल्या वर्षाला वनस्पतींचे शरीरक्रियाशास्त्र शिकवत असे. एका प्रात्यक्षिक परीक्षेच्या तोंडी भागात एका विद्यार्थिनीने केल्विन चक्र, म्हणजे वनस्पती शर्करा बनवतात त्या अभिक्रियांची साखळी, कागदावर न अडखळता काढून दाखवले. कार्बन डायऑक्साइडचा रेणू पाच कार्बनच्या शर्करेला जोडणारे रुबिस्को हे विकर, त्यातून तयार होणारे तीन कार्बनचे दोन रेणू, पेशीला ऊर्जा पुरवणारे एटीपी कोठे खर्च होते, सारे काही जागच्या जागी होते. मग मी सहज विचारले, की बी रुजून त्याचा मोठा वृक्ष होतो, तेव्हा त्या लाकडाचे वजन येते कोठून? तिने लगेच उत्तर दिले, ‘मातीतून, सर. मुळे शोषून घेतात.’ मला वाटले, घाबरली असेल. पण तिच्यानंतर आत आलेल्या जवळजवळ प्रत्येकाने माती किंवा पाणी असेच उत्तर दिले, आणि त्यांतल्या बहुतेकांना प्रकाशसंश्लेषणाचे समीकरण तोंडपाठ होते. त्या समीकरणाच्या डाव्या बाजूला कार्बन डायऑक्साइड आहे, उजव्या बाजूला शर्करा आहे, कोरड्या लाकडाच्या वजनाचा सुमारे निम्मा भाग कार्बन असतो आणि तो हवेतून आलेला असतो. उत्तर त्यांच्याच हातातल्या कागदावर लिहिलेले होते, पण समीकरण हे विधान असते, ते काहीतरी सांगत असते, हे त्यांना तोपर्यंत कोणी जाणवून दिले नव्हते.

यात त्या मुलांना हसण्यासारखे काही नाही, कारण हाच प्रश्न सतराव्या शतकातल्या व्हॅन हेल्मॉन्टसारख्या रसायनशास्त्रज्ञालाही अर्धाच सुटला होता. त्याने वाळवून तोललेल्या २०० पौंड मातीत ५ पौंडांचे विलोचे रोप लावले, पाच वर्षे त्याला केवळ पाणी घातले आणि मग झाड व माती दोन्ही पुन्हा तोलली. झाड १६९ पौंडांवर गेले होते आणि माती जेमतेम दोन औंसांनी घटली होती. वजन मातीतून आलेले नाही हे त्याने उत्तम रीतीने दाखवले, पण मग ते पाण्यातूनच आले असले पाहिजे असा निष्कर्ष त्याने काढला. हे लेखन त्याच्या मृत्यूनंतर, १६४८ मध्ये, प्रसिद्ध झाले. हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण आजही ०.०४ टक्क्यांच्या आसपासच आहे. इतक्या विरळ आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या वायूतून वृक्षाचे खोड उभे राहते, ही गोष्ट सहजासहजी पटणारी नाही. म्हणून तर ती शिकवायची.

त्या वर्षीच्या लेखी परीक्षेसाठी मी एक प्रश्न काढला. व्हॅन हेल्मॉन्टची मोजमापे दिली आणि विचारले, की यावरून कोणते अनुमान निघते, कोणते निघत नाही, आणि वजनाचा खरा स्रोत शोधायचा असेल तर प्रयोगात कोणता बदल करावा लागेल. प्रश्नपत्रिका निश्चित करण्याच्या बैठकीत विभागातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी तो वाचला आणि त्यावर सरळ रेघ मारली. हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा आहे, हा त्यांचा पहिला आक्षेप. प्रकाशसंश्लेषण अभ्यासक्रमात आहे, हे मी दाखवले. मग ते म्हणाले, की अशा प्रश्नाची उत्तरे प्रत्येक परीक्षक आपापल्या मनाने तपासेल. मी नमुना उत्तर लिहूनच नेले होते आणि कोणत्या मुद्द्याला किती गुण द्यायचे हेही त्यात होते. ते त्यांनी उलटे करून टेबलावर ठेवले आणि आपला हुकमी मुद्दा काढला: ‘पहिल्या वर्षाच्या मुलांना आधी शब्द येऊ देत, विचार करायला पुढची वर्षे पडली आहेत.’ बाकीचे आपापले कागद चाळत राहिले. माझा प्रश्न गेला आणि त्याच्या जागी केल्विन चक्राचे आकृतीसह वर्णन करा, हा दरवर्षीचा प्रश्न आला. माझ्या त्या विद्यार्थिनीला त्यात पूर्ण गुण मिळाले असणार.

आम्ही पुढे एकाच खोलीत बसत होतो, त्यामुळे हा वाद निवला नाही. मला त्यांच्या म्हणण्यात जी गफलत दिसे ती अशी, की पाठ केलेली माहिती पक्की आणि विचार मात्र डळमळीत, असे ते धरून चालत. जीवशास्त्रात प्रकार नेमका उलटा आहे. माणसाच्या पेशीत ४८ गुणसूत्रे असतात असे पेंटर या संशोधकाने १९२३ मध्ये प्रसिद्ध केले आणि त्जिओ व लेवान या संशोधकांनी १९५६ मध्ये ती ४६ असल्याचे दाखवीपर्यंत, म्हणजे तीन दशकांहून अधिक काळ, विद्यार्थी ४८ लिहून गुण मिळवत राहिले. तो आकडा बदलला कशामुळे, तर पेशी सौम्य द्रावणात फुगवून गुणसूत्रे एकमेकांपासून सुटी करता येऊ लागली आणि ती स्वच्छ मोजता आली. ही हकीकत ज्याला कळली त्याला सौम्य द्रावणात पेशी का फुगते, म्हणजे परासरण, हेही कळले. ज्याने नुसता आकडा पाठ केला त्याच्याजवळ १९५६ नंतर काहीच उरले नाही. ग्लुकोजच्या एका रेणूमागे ३६ किंवा ३८ एटीपी मिळतात असे जुनी पुस्तके सांगत आणि आता ३० ते ३२ असे छापले जाते, तेथेही हीच गोष्ट आहे. एटीपी पटलापलीकडे साठलेल्या प्रोटॉनच्या प्रवाहावर तयार होते, काही प्रोटॉन मध्येच गळतात, काही पदार्थांच्या ने-आणीवर खर्च होतात, त्यामुळे पूर्णांकांचा तो नीटनेटका हिशेब जमत नाही. सजीवांच्या वर्गीकरणाबद्दल तर बोलायलाच नको.

आता तुमच्या गणिताबद्दल. गणित नको म्हणून ज्यांनी जीवशास्त्र घेतले ते चुकीच्या दारातून आत आले आहेत, हे मी स्पष्टच सांगतो. मेंडेलच्या आधीही संकर करून पाहणारे होते. त्याचे वेगळेपण मोजण्यात होते. वाटाण्याच्या ज्या पिढीत त्याला ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेले दाणे मिळाले तिच्यात त्याला ३:१ हे गुणोत्तर दिसले आणि त्यावरून आनुवंशिकता देणारे घटक जोडीने असतात असे त्याला म्हणता आले. पेशी सूक्ष्म का असते याचे उत्तरही अंकगणितातच आहे. लांबी दुप्पट केली की पृष्ठभाग चौपट होतो आणि आकारमान आठपट, म्हणजे आत भूक आठपट आणि दारे मात्र चौपट. हे एवढे कळले की आतड्याच्या घड्या, फुप्फुसांतले वायुकोश, मुळांवरची केशके आणि पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकेच्या आतल्या पटलाच्या घड्या ही चार प्रकरणांतली चार वेगवेगळी तथ्ये राहत नाहीत. तुम्हाला जे गणित लागणार आहे ते गुणोत्तर, संभाव्यता आणि आलेख यांच्या पलीकडे पहिल्या वर्षी फारसे जात नाही. रसायनशास्त्र मात्र टाळता येणार नाही. हायड्रोजन बंध आणि पाण्याला जवळ करणारे व टाळणारे रेणू यांची समज नसेल तर पेशीपटल, प्रथिनांच्या घड्या आणि डीएनए ही तिन्ही निव्वळ चित्रे होऊन बसतात.

अभ्यास कसा करावा, हे एका उदाहरणाने सांगतो. डीएनएची नवी प्रत कशी बनते हे दाखवणारा मेसेल्सन आणि स्टाल यांचा १९५८ चा प्रयोग प्रत्येक पुस्तकात असतो आणि बहुतेक मुले त्याचा निष्कर्ष तेवढा पाठ करतात. तुम्ही तसे करू नका. जीवाणू जड नायट्रोजनवर वाढवले, मग हलक्या नायट्रोजनवर आणले, आणि पिढीगणिक त्यांचा डीएनए घनतेप्रमाणे वेगळा केला, इथपर्यंत वाचून पुस्तक मिटा. जुनी दुपदरी साखळी अखंड राहून नवी पूर्णपणे वेगळी बनत असेल तर पहिल्या पिढीत कोणते पट्टे दिसतील, प्रत्येक नव्या रेणूत एक जुना व एक नवा पदर येत असेल तर कोणते, आणि जुने-नवे तुकडे सरमिसळ होत असतील तर कोणते, हे तिन्ही अंदाज कागदावर काढा. पहिल्या पिढीतला मधल्या घनतेचा एकच पट्टा पहिली शक्यता बाद करतो, पण दुसरी आणि तिसरी यांच्यात निवाडा करू शकत नाही. तो निवाडा दुसऱ्या पिढीत, मधला आणि हलका असे दोन पट्टे दिसल्यावर होतो. हे ज्याने स्वतः काढून पाहिले त्याला पाठ करायला काही उरत नाही.

पुस्तक मिटून आठवण्याचा आग्रह मी धरतो त्याला आधार आहे. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत उतारा पुन्हापुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुढे होते, पण आठवड्यानंतर, वाचून झाल्यावर स्वतःची परीक्षा घेणारे त्यांच्या पुढे गेले. पुन्हा वाचले की येते आहे असे वाटते, आणि तुमचे पाठांतर कमी पडते आहे असे जे तुम्हाला वाटते त्याचे कारण बहुधा हेच असावे. तुमच्या शिक्षकांपैकी कोणी माझ्या त्या सहकाऱ्यांसारखे ‘आधी शब्द’ म्हणत असतील, तर त्यांच्यासाठीही एक आकडा देऊन ठेवतो. विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित यांच्या पदवी-वर्गांवरील २२५ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात केवळ व्याख्यान ऐकणाऱ्या वर्गांत नापास होण्याचे सरासरी प्रमाण ३३.८ टक्के होते, तर वर्गातच प्रश्न सोडवायला लावणाऱ्या पद्धतीत ते २१.८ टक्के होते. म्हणजे विचार करायला लावणे पुढच्या वर्षांवर ढकलावे, हा युक्तिवाद टिकत नाही. हा आढावा मी त्यांच्या टेबलावर ठेवला होता. त्यावर आमचे बोलणे झाले नाही.

काही गोष्टी वर सांगायच्या राहिल्या. संज्ञा येतच नसतील तर प्रश्नही वाचता येत नाही, हे खरे आहे, आणि त्या सहकाऱ्यांच्या म्हणण्यात एवढे तथ्य आहे. शरीररचनाशास्त्रात हाडांची आणि स्नायूंची नावे तर्काने काढता येत नाहीत, ती घोकावीच लागतात. वीस अमिनो आम्लांचेही थोडेफार तसेच आहे. तुमची परीक्षा पुढच्याच आठवड्यात असेल आणि ती केवळ बहुपर्यायी प्रश्नांची असेल, तर हे उत्तर बाजूला ठेवा आणि जुन्या प्रश्नपत्रिका सोडवा. २०१४ च्या ज्या आढाव्याचा मी हवाला दिला तो शिकवण्याच्या पद्धतींची तुलना करतो, परीक्षेत कोणते प्रश्न असावेत हे सांगत नाही. माझा अनुभवही मुख्यतः वनस्पतींच्या बाजूचा आहे.

प्रकरणांविषयी थोडक्यात सांगतो. पेशीपटल आणि त्यातून होणारी वाहतूक, पेशीतले ऊर्जेचे व्यवहार, जनुकापासून प्रथिनापर्यंतचा प्रवास, अर्धसूत्री विभाजन आणि नैसर्गिक निवड, या पाचांवर वेळ घालवा. प्राणी आणि वनस्पती यांच्या संघांची लक्षणे शेवटच्या महिन्यासाठी ठेवली तरी चालतील, मात्र ती वाचताना उत्क्रांतीच्या शाखांचा आराखडा समोर असू द्या, म्हणजे कोणते लक्षण कोणाच्या आधी आले हे दिसत राहील. सुरुवात पेशीपटलापासूनच करा. चेतापेशीतला आवेग, मूत्रपिंडातले पुनर्शोषण, मुळांतले शोषण आणि तंतुकणिकेतले एटीपी, या चारही ठिकाणी पटलाच्या दोन बाजूंना काय साठले आहे आणि ते कोठे वाहू पाहते आहे, एवढेच आधी विचारायचे असते.