'झायमोजेन'मधला 'जेन' कुठला?

प्रश्न : मुलगी अकरावीत आहे. 'झायमोजेन'मधला 'जेन' म्हणजे जनुक का, असं तिनं विचारलं. शब्दाचा नेमका अर्थ काय? मराठीत काय म्हणावं?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : हा जनुकाचा 'जेन' नव्हे. मूळ मात्र दोन्हींचं एकच, ग्रीक 'गेन्' म्हणजे जन्मणं, जन्म देणं. आपल्या 'जन्म', 'जनक'मधला 'जन्' हा त्याचा सख्खा भाऊ. हायड्रोजन म्हणजे पाण्याचा जनक, तसा झायमोजेन म्हणजे 'झ्युमे'चा जनक. 'झ्युमे' म्हणजे आंबवण, खमीर. भाषाशास्त्रज्ञ त्याचं नातं संस्कृत 'यूष'शी जोडतात. वैद्य पथ्याला मुगाचं यूष सांगतात, तेच हे!

शब्द घडवला ब्रेस्लाउचे (आताचं पोलंडमधलं व्रोत्स्वाफ) शरीरक्रियाशास्त्रज्ञ रुडॉल्फ हायडेनहाइन यांनी, १८७५ मध्ये. ताज्या स्वादुपिंडाच्या अर्कात प्रथिनं पचवायची ताकद जवळजवळ नसायची. ग्रंथी काही काळ तशीच ठेवून अर्क काढला की ती ताकद दिसायची. म्हणजे पेशीत तयार विकर (एन्झाइम, म्हणजे शरीरातली रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन) नव्हतं, त्याच्या आधीचा पदार्थ होता. 'एन्झाइम' हा शब्द त्यानंतरचा, म्हणून नावात जुनं 'झ्युमे'च राहिलं.

'जनक' या अर्थानं एक घोटाळा होतो. झायमोजेन विकर तयार करतो असं मुलं लिहितात. खरं तर तो स्वतःच कापला जाऊन विकर होतो. गाईच्या स्वादुपिंडातलं ट्रिप्सिनोजेन हे झायमोजेन घ्या. तीही अमिनो आम्लांची, म्हणजे प्रथिनाच्या घटकांची, साखळीच. लहान आतड्याच्या सुरुवातीला एन्टेरोपेप्टिडेज हे विकर त्याच्या सहाव्या आणि सातव्या अमिनो आम्लामधला बंध कापतं. सहा आम्लांचा तुकडा गळतो, उरलेल्या साखळीची घडी बदलते आणि ट्रिप्सिन हे प्रथिनं पचवणारं विकर तयार होतं. ते पुढे बाकीच्या ट्रिप्सिनोजेनलाही कापत सुटतं. हेच स्वादुपिंडात अवेळी घडलं, तर ग्रंथी स्वतःलाच पचवू लागते आणि तिचा दाह होतो. शरीर विकर असं झाकून का ठेवतं, ते यावरून कळेल.

म्हणून 'विकरजनक'पेक्षा 'पूर्वविकर' आम्हाला जास्त पटतो. आणि मुलीला एवढं जरूर सांगा : शेवटी 'जेन' दिसला की झायमोजेन, असं धरू नये. पेप्सिनोजेन, प्लाझ्मिनोजेन ही पूर्वविकरं. पण फायब्रिनोजेनपासून होणारं फायब्रिन विकर नाही, रक्ताच्या गुठळीचं जाळं आहे. उलट प्रोथ्रोम्बिनच्या नावात 'जेन' नाही, तरी ते पूर्वविकरच.