डायबेटिसचा डॉक्टर बदलताना

ताई, डायबेटिसचा डॉक्टर बदलायचाय पण जुन्या डॉक्टरांना काय वाटेल, असं तुम्ही विचारलंत; ती काळजी आधी सोडा. मी 14 वर्षांत तीन डॉक्टर बदललेत. सुरुवातीला एवढंच सांभाळा:

- नव्या डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत जुन्या गोळ्या चालूच ठेवा. मधे खंड नको.
- एचबीएवनसीचे शेवटचे दोन-तीन रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या. ती रक्तातल्या साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी असते, आदल्या आठवड्यात गोड खाणं बंद केलं तरी काही लपत नाही. क्रिएटिनिन, लघवीतलं अल्ब्युमिन (या दोन्ही किडनीच्या तपासण्या), डोळ्यांच्या पडद्याची तपासणी झाली असेल तर तेही कागद घ्या.
- गोळ्यांची यादी नको, पाकिटंच न्या.

माझी चूक इथेच झाली. नवी चिठ्ठी मिळाली, नव्या गोळ्या सुरू केल्या आणि जुन्याही घेत राहिले. नावं वेगळी, पण पाकिटामागच्या बारीक अक्षरांत दोन्हींवर ग्लिमेपिराइडच, म्हणजे साखर कमी करणारं तेच औषध दुप्पट! तिसऱ्या दिवशी भाजी चिरताना हात थरथरायला लागले, दरदरून घाम फुटला. मीटरवर साखर 54, म्हणजे फारच कमी. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्यायले तेव्हा सावरले. म्हणून "यातली कुठली बंद करायची?" हे विचारल्याशिवाय केबिनबाहेर पडू नका.

आणि डॉक्टर तळपाय तपासतात का, ते बघा. मी तरी त्यावरूनच डॉक्टर पारखते. अंगावर लावायचा साखर मोजणारा सेन्सर, इन्सुलिन पंप हे विषय सध्या बाजूला राहू देत. तीन महिने नव्या औषधांना द्या, पुढचा एचबीएवनसी आला की मला कळवा.