कोर्स जोखा तो आपल्या फटक्याने

गोल्फचा कोर्स कसा आहे हे लो हँडिकॅपवाल्याला, म्हणजे मुरलेल्या खेळाडूला, विचारू नका. त्याला आवडणारी अवघड होल्स (पहिल्या फटक्यापासून खड्ड्यापर्यंतचे टप्पे) तुमचे चेंडू गिळतात.

स्कोअरकार्डवर आधी स्लोप रेटिंग बघा. ते 55 ते 155 असतं, 113 म्हणजे मध्यम. कोर्स रेटिंग स्क्रॅच, म्हणजे अव्वल, खेळाडूसाठी असतं; तुमच्या-माझ्यासारख्याला किती जास्त जड जाईल ते स्लोपवरून कळतं. मग टी, म्हणजे पहिला फटका मारायची जागा, निवडा: 5 नंबरच्या आयर्नचं (लोखंडी स्टिकचं) तुमचं खरं अंतर गुणिले 36. 140 यार्ड जात असेल तर साधारण 5,040 यार्डांची टी (तिथून अख्ख्या कोर्सची लांबी तेवढी). मागच्या टीवरून मार खाऊन कोर्सला नावं ठेवणं चूक.

टीवर उभं राहून 180 ते 200 यार्डांवर काय आहे ते बघा, आपला चेंडू तिथेच पडतो. 250 वरचा बंकर (वाळूचा खड्डा) तुमच्यासाठी नाहीच. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ग्रीनचं, खड्ड्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीचं, तोंड. ते मोकळं असेल तर चेंडू घरंगळत चढवता येतो. आडवा बंकर असेल तर प्रत्येक वेळी उंच फटकाच हवा, आणि तोच आपल्याला दहात चारदा जमतो.

मुंबईत निचरा पारखायचा तो जुलैत, मोठ्या सरीच्या दुसऱ्या दिवशी. ओल्या जमिनीवर रोल मिळत नाही, चेंडू पडून पुढे घरंगळत नाही, म्हणून तेच होल लांब वाटतं. उभं राहिल्यावर पायाभोवती पाणी साचलेलं दिसलं तर विनादंड रिलीफ घ्या, म्हणजे चेंडू उचलून कोरड्या जागी टाका.

चेंबूरचा प्रेसिडेन्सी, ताडदेवचा विलिंग्डन हे सभासदांचे क्लब. ओळखीचा सभासद गाठा. सिडकोचा खारघरचा कोर्स सर्वांना खुला आहे, सुरुवात तिथून करा. कॅडी (बॅग उचलणारा मदतनीस) जरूर घ्या.