मधलं अंतर चालून जा

प्रिय मुली,

तुझी यादी पाहिली. लिस्बनमध्ये मोकळा एकच शनिवार, त्यात चौदा ठिकाणं आणि दर दोन ठिकाणांच्या मध्ये ट्राम नाहीतर टॅक्सी. यातलं काय गाळू, असं विचारलंयस. आधी ट्राम आणि टॅक्सी गाळ. मधलं अंतर चालून जा.

नदीकाठच्या प्रासा दो कोमेर्सिओ चौकातून निघ. तिथे पूर्वी राजवाडा होता. 1 नोव्हेंबर 1755 च्या सकाळी भूकंप झाला. सणाचा दिवस, लोक चर्चमध्ये. पेटत्या मेणबत्त्यांनी आगी लागल्या आणि जीव वाचवायला जे नदीकडे धावले, त्यांच्यावर लाट आली. मागचा बायशा भाग राजाचा मंत्री पोंबाल याने नंतर नव्याने बांधून घेतला. रस्ते सरळ, काटकोनात, आणि भिंतींच्या आत लाकडी सांगाडा, पुढच्या धक्क्यात घर तगावं म्हणून.

एवढं तू घरी बसूनही वाचशील. पण तिथून टेकडीवरच्या जुन्या अल्फामा वस्तीकडे चढायला लाग. रस्ता वाकडा होतो, जिने लागतात, गल्ल्या अंगावर येतात. ही टेकडी खडकाची, म्हणून भूकंपात हा भाग बराचसा वाचला. आखलेलं शहर कुठे संपलं आणि जुनं कुठे सुरू झालं, ते पोटऱ्यांना कळतं. 28 नंबरची ट्राम याच चढावर जाते, पण त्या गर्दीत पर्स धरून उभं राहिल्यावर काय कळणार?

कार्मोचं छप्पर नसलेलं चर्च यादीत ठेव. भूकंपानंतर त्याच्या कमानी तशाच उघड्या राहिल्या आहेत. मात्र तिथे वर नेणाऱ्या सांता जुस्ताच्या लिफ्टसाठी रांगेत उभी राहू नकोस. चढून जा.

मी बेलेंला गेले नाही. घरचे आजही ऐकवतात, एवढ्या लांब जाऊन वास्को द गामाची कबर पाहिली नाहीस? ऐकवू देत. बेलें सहा किलोमीटर पश्चिमेला आहे. तिकडे धावले असते तर सांता लुझिया चर्चच्या भिंतीपाशी निवांत उभी राहिले नसते. तिथे निळ्या-पांढऱ्या फरशांवर सकाळचाच चौक रंगवलाय, भूकंपाआधीचा, राजवाड्यासकट. सकाळी तिथून पायी निघालेल्यालाच तो पोचतो. टॅक्सीतून उतरलेल्याला ती नुसती नक्षी. मी बरोबर केलं, आजही हेच म्हणेन.

एकटीने जेवायचं कसं, हे विचारलंस तेव्हा खरं सांगते, राग आला. काउंटरशी उभं राहून कॉफी पी. दुपारी पाटीवर लिहिलेला दिवसाचा पदार्थ माग आणि जेव. तुझ्याकडे कुणी बघत नाही. तुझा भाऊ म्हणतो तसा ग्रुप घेतलास, तर त्या भिंतीपाशी तुला हवा तेवढा वेळ कोण थांबू देईल?

माझ्या आईला चालायची फार हौस होती. माझ्याकडे पैसे आले तोवर तिचे गुडघे गेले होते. तिला असं शहर दाखवायचं राहिलं, ते राहिलंच. म्हणून तुझ्यावर एवढी चिडते गं. तुझे पाय धड आहेत आणि तू टॅक्सीचे दर काढत बसलीयेस!

तिथले फूटपाथ पांढऱ्या चुनखडीच्या आणि काळ्या बेसॉल्टच्या बारक्या दगडांचे, पायांनी घासून गुळगुळीत झालेले, पाऊस पडला की फार घसरडे. चांगल्या पकडीचे बूट आत्ताच घे आणि जायच्या आधी रोज घालून सैल कर.

तुझी,
मावशी