मागे डिस्क बसवताना हातब्रेकचे काय?

प्रश्न : माझ्याकडे ऑइल ब्रेकचा (पेडलचा जोर ऑइलच्या दाबाने चाकांपर्यंत पोचवणाऱ्या ब्रेकचा) जुना पिकअप ट्रक आहे. मागच्या चाकांचे ड्रम काढून तेथे डिस्क बसवण्याचा विचार आहे. मात्र आज नीट चालणारा केबलचा हातब्रेक मला गमवायचा नाही. एका मेकॅनिकच्या मते ट्रक गिअरमध्ये उभा केला की हातब्रेकची गरजच उरत नाही. हे पटण्यासारखे आहे का, आणि नसेल तर कोणता मार्ग घ्यावा?

उत्तर : मुळीच पटण्यासारखे नाही. गिअरमध्ये उभा केलेला ट्रक केवळ इंजिनच्या कॉम्प्रेशनवर अडलेला असतो, आणि भरलेल्या हौद्याचे वजन उतारावर त्याला हळूहळू ढकलू शकते. पेडल दाबून ऑइलचा दाब व्हॉल्व्हने कोंडून ठेवण्याची युक्तीही फसवी आहे; ऑइल थंड झाले किंवा सीलमधून थोडेसे झिरपले की दाब उतरतो. उभ्या वाहनाचा ब्रेक ऑइलच्या भरवशावर न राहता यांत्रिक रीतीनेच धरलेला असावा.

म्हणून डिस्कचा संच घेण्याआधी हातब्रेक कशावर लागणार हे ठरवावे. अनेकजण नेमके उलट करतात आणि जुनी केबल हातात धरून बसतात.

एक मार्ग म्हणजे हातब्रेकची यंत्रणा पोटातच असलेला कॅलिपर (डिस्कवर दोन्ही बाजूंनी पॅड दाबणारा भाग). केबलने बाहेरची लहान दांडी ओढली जाते आणि आतील स्क्रू पॅड दाबणाऱ्या पिस्टनला पुढे रेटतो. रचना आटोपशीर आहे, पण नाजूक. पॅड बदलताना असा पिस्टन बहुधा नुसता दाबून आत जात नाही, फिरवत न्यावा लागतो. शिवाय काही कॅलिपरांत पॅडची झीज भरून काढण्याचे काम हातब्रेक ओढण्यावरच अवलंबून असल्याने, तो न वापरणाऱ्याचे पेडल दिवसेंदिवस खोल जाऊ लागते. आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. तापलेला ड्रम निवताना आकसून शूवर (ड्रमला आतून दाबणाऱ्या वक्र पट्ट्यांवर) अधिक घट्ट बसतो, तर तापलेली डिस्क निवताना किंचित पातळ होते आणि पॅडची पकड सैलावते. घाट उतरून लगेच उभ्या केलेल्या ट्रकचा हातब्रेक थोड्या वेळाने पुन्हा एकदा ओढावा तो यासाठी.

माझी पसंती दुसऱ्या मार्गाला आहे. काही डिस्कच्या मधल्या टोपीत एक लहान ड्रम असतो. त्यातील शू फक्त हातब्रेकचे काम करतात आणि कॅलिपर केवळ पेडलचे. चालत्या गाडीत हे शू वापरले जात नसल्याने त्यांच्यावरचे घासले जाणारे लायनर फारसे झिजत नाहीत. गंज आणि धूळ हेच त्यांचे खरे शत्रू. प्रोपेलर शाफ्टवर (गिअरबॉक्सची गती मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्यावर) ब्रेक बसवण्याचा तिसरा मार्ग आहे, पण साध्या डिफरन्शियलमध्ये (दोन्ही मागच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या गिअरसंचात) एक मागचे चाक जॅकवर उचलताच दुसरे जमिनीवर मोकळे फिरू शकते, म्हणून मी तो सुचवणार नाही.

कोणताही मार्ग घेतला तरी केबलचा ओढा जुळला पाहिजे. हातब्रेक पूर्ण सोडल्यावर चाकाकडील दांडी तिच्या मूळ जागी परत येते की नाही, हे हाताने तपासावे. ती अर्धवट अडकली तर ब्रेक घासत राहून तापतो.

पेडलच्या बाजूलाही बदल करावे लागतील. ड्रममधील पुढचा शू चाकाच्या फिरण्यानेच अधिक आवळला जातो, डिस्कला अशी मदत नसल्यामुळे ऑइलचा दाब जास्त लागतो, आणि कॅलिपरचे मोठे पिस्टन ऑइलही जास्त घेतात. पेडलने ऑइल लाइनमध्ये ढकलणारा मास्टर सिलिंडर त्याला पुरेसा हवा. ड्रमसाठी लाइनमध्ये सुमारे १० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाब राखून ठेवणारा व्हॉल्व्ह असेल तर तो काढावा, अन्यथा पॅड डिस्कला चिकटून राहतील. रिकाम्या पिकअपचा मागचा भाग हलका असल्याने मागची चाके आधी लॉक होऊन ट्रक आडवा जाण्याचा धोका असतो. मागचा दाब कमीजास्त करणारा व्हॉल्व्ह म्हणूनच आवश्यक समजावा. कॅलिपर बसवताना हवा काढण्याचा निपल वरच्या बाजूस येईल असे पाहावे. डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झाला की निपल खाली येतो आणि कितीही पेडल मारले तरी हवा निघत नाही.

शेवटची परीक्षा भरलेल्या हौद्यासह चढावर घ्यावी : चाकांमागे ठोकळे ठेवून, गिअर न्यूट्रलमध्ये, पाय पेडलवरून काढून. त्यानंतर ट्रक उलट्या तोंडाने उभा करून तीच परीक्षा पुन्हा घ्यावी, कारण शूची पकड दोन्ही दिशांना सारखी असेलच असे नाही.